बचावाचे श्रेय कोणाचे? एनएफएलमधील डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर जोखण्याचा प्रश्न

२०२३ च्या हंगामात फिलाडेल्फिया ईगल्सने प्रतिस्पर्ध्यांना ४२८ गुण करू दिले. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत, आणि त्या वर्षी सर्वाधिक गुण देणाऱ्या तीन संघांत ईगल्स होते. पुढच्या हंगामात हा आकडा ३०३ वर आला आणि सर्वांत कमी यार्ड देणारा संघ म्हणून ईगल्सची नोंद झाली. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यू ऑर्लिन्स येथील सुपर बोल या अंतिम सामन्यात त्यांनी कॅन्सस सिटी चीफ्सना ४०-२२ असे हरवले. त्या सामन्याच्या पूर्वार्धात चीफ्सना जेमतेम २३ यार्ड पुढे सरकता आले.

या दोन हंगामांच्या मधल्या काळात बचावाची सूत्रे विक फॅन्जिओ यांच्याकडे आली होती. पण त्याच काळात क्विन्यॉन मिचेल आणि कूपर डीजीन हे दोन तरुण कॉर्नरबॅकही संघात आले, सेफ्टी सी. जे. गार्डनर-जॉन्सन परतला आणि आधीच्या संघात मुख्यतः स्पेशल टीम्सपुरता वापरला गेलेला झॅक बॉन मधल्या लाइनबॅकरच्या जागी उभा राहिला. मग १२५ गुणांचा हा फरक कोणाच्या नावावर मांडायचा? दर जानेवारीत काही प्रशिक्षकांना घरी पाठवले जाते, काहींना बढती मिळते, आणि दोन्ही निर्णय याच प्रश्नाच्या घाईघाईने दिलेल्या उत्तरांवर उभे असतात. हे उत्तर शोधण्याच्या पद्धती आज कुठवर आल्या आहेत, ते या लेखात पाहायचे आहे.

काम नेमके काय असते

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे जाण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्न ही एक स्वतंत्र, आधी ठरवलेली चाल असते आणि दोन चालींमधला वेळ ४० सेकंदांच्या घड्याळावर मोजला जातो. तेवढ्या वेळात समोरून कोणते खेळाडू मैदानात आले हे पाहून डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर आपली चाल निवडतो: पुढची फळी कशी उभी राहील, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर किती जण धावून जातील, मागे झोन लावायचा (प्रत्येकाने एक जागा राखायची) की पास पकडणाऱ्या प्रत्येक रिसीव्हरला एकेक माणूस जोडायचा. हा निर्णय बचावातल्या एका खेळाडूच्या हेल्मेटमधील रेडिओवर पोहोचतो आणि घड्याळात १५ सेकंद उरले की तो रेडिओ बंद होतो. आक्रमणाला ही सोय १९९४ पासून होती. बचावाला ती २००८ मध्ये मिळाली, न्यू इंग्लंड पेट्रियट्सने जेट्सच्या प्रशिक्षकांच्या हातखुणांचे चित्रीकरण केल्याचे प्रकरण २००७ मध्ये गाजले त्यानंतर.

क्रिकेट पाहणाऱ्या वाचकाला दर चेंडूला नव्याने क्षेत्ररचना लावणाऱ्या कर्णधाराची आठवण येईल. मात्र रेडिओवरचे ते काही शब्द म्हणजे आठवडाभराच्या कामाचे शेवटचे टोक असते. प्रतिस्पर्ध्याच्या फिल्मचा अभ्यास, त्यातून निवडलेल्या मोजक्या चाली, सरावात त्यांची उजळणी आणि मैदानावर समोरची रचना ऐन वेळी बदलली तर खेळाडूंनी आपसात करायच्या सूचना, हे सगळे आधी झालेले असते. चाल सांगणे आणि चाल शिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत. टीव्हीवर पहिले काम दिसते, दुसऱ्याची आठवण फक्त फजिती झाल्यावर होते.

हा वाद आला कुठून

बचावाच्या प्रशिक्षकाला स्वतंत्र नाव मिळाले ते १९५० च्या दशकात. न्यूयॉर्क जायंट्सचे मुख्य प्रशिक्षक जिम ली हॉवेल यांनी आक्रमण विन्स लोम्बार्डी यांच्याकडे आणि बचाव टॉम लँड्री यांच्याकडे सोपवला. लँड्री यांनी घडवलेली ४-३ रचना पुढे लीगभर पसरली. पण एखाद्या बचावाला त्याच्या प्रशिक्षकाच्या नावाने ओळखणे खऱ्या अर्थाने रुजले ते शिकागो बेअर्सच्या बडी रायन यांच्यामुळे. त्यांच्या ‘४६’ या बचावाला डग प्लँक या खेळाडूच्या जर्सीचा क्रमांक मिळाला होता. १९८१ मध्ये रायन यांची नोकरी जाण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा बचावातील खेळाडूंनी मालक जॉर्ज हॅलस यांना पत्र लिहून त्यांना राखण्याची विनंती केली आणि हॅलस यांनी ती मानली. १९८५ च्या हंगामात बेअर्सने फक्त १९८ गुण दिले आणि सुपर बोल ४६-१० असा जिंकला. खेळाडूंनी मुख्य प्रशिक्षक माइक डिटका यांच्याप्रमाणेच रायन यांनाही खांद्यावर घेतले.

त्यानंतर रायन ईगल्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांच्या जागी आलेल्या व्हिन्स टोबिन यांनी ‘४६’ वर भिस्त ठेवली नाही. १९८६ मध्ये बेअर्सने १८७ गुण दिले, म्हणजे आदल्या वर्षापेक्षाही कमी. खेळाडू बहुतांशी तेच आणि सूत्रधार मात्र वेगळा, अशी ही परिस्थिती होती. या एका आकड्याकडे दोन्ही बाजूंनी बोट दाखवता येते. एक पक्ष म्हणतो की खरा जोर माइक सिंगलटरी, रिचर्ड डेंट, डॅन हॅम्पटन यांच्यासारख्या खेळाडूंचा होता. दुसरा म्हणतो की त्यांना या पातळीवर कोणी आणले ते विसरू नका, टोबिन यांच्या हाती तयार बचाव आला. दोन्ही म्हणणी वस्तुस्थितीला धरून आहेत आणि एकीने दुसरी खोटी ठरत नाही.

सिएटल सीहॉक्सचे उदाहरण याहून बोलके आहे. २०१२ ते २०१५ असे सलग चार हंगाम सर्वांत कमी गुण देण्याचा मान त्यांनी मिळवला. या चार वर्षांत त्यांचे तीन डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर झाले: गस ब्रॅडली, डॅन क्विन आणि क्रिस रिचर्ड. रिचर्ड शर्मन, अर्ल थॉमस, कॅम चान्सलर, बॉबी वॅगनर हे खेळाडू आणि मुख्य प्रशिक्षक पीट कॅरल कायम राहिले. तरीही ब्रॅडली आणि क्विन दोघेही इथूनच थेट दुसऱ्या संघांचे मुख्य प्रशिक्षक झाले. बाजाराने श्रेय कसे वाटले ते यावरून कळते. ती वाटणी योग्य होती का, हा मुद्दा उरतोच.

या इतिहासात नियमांचाही वाटा आहे. १९७८ मध्ये रिसीव्हरला पाच यार्डांपलीकडे धरण्या-ढकलण्यावर बंदी आली आणि आक्रमणाच्या फळीला हात मोकळेपणी वापरायची मुभा मिळाली. पुढच्या काळातही नियमांची अंमलबजावणी पासिंगच्या बाजूने कडक होत गेली. त्यामुळे १९८५ चा बचाव आणि २०२४ चा बचाव एकाच पट्टीने मोजता येत नाहीत.

आकड्यांची बाजू

सर्वांत जुनी पट्टी म्हणजे किती गुण दिले आणि किती यार्ड दिले. तिचे दोष सगळ्यांना ठाऊक आहेत. आपल्या आक्रमणाने वारंवार चेंडू गमावला तर बचावाला अडचणीच्या जागेवरून सुरुवात करावी लागते. संघ मोठ्या आघाडीवर असेल तर उत्तरार्धात मुद्दाम यार्ड सोडले जातात. तिसऱ्या प्रयत्नात दहा यार्ड हवे असताना सात दिले तर बचाव जिंकतो, तीन हवे असताना चार दिले तर हरतो. यार्डांच्या बेरजेत मात्र पहिली घटना दुसरीपेक्षा वाईट दिसते.

हा दोष दूर करणारी कल्पना जुनीच आहे. खुद्द क्वार्टरबॅक असलेले व्हर्जिल कार्टर आणि रॉबर्ट मॅकॉल यांनी १९७१ मध्ये एका शोधनिबंधात मैदानावरील प्रत्येक जागेचे गुणांतील अपेक्षित मोल काढले होते. ‘द हिडन गेम ऑफ फुटबॉल’ या १९८८ च्या पुस्तकाने ही दृष्टी अभ्यासू चाहत्यांपर्यंत नेली. आज ईपीए म्हणून ओळखले जाणारे माप हेच सांगते: चालीच्या आधी आक्रमणाला किती गुणांची अपेक्षा होती आणि चालीनंतर ती किती बदलली. २००३ मध्ये ‘फुटबॉल आउटसायडर्स’ सुरू करणारे ॲरन शॅट्झ यांनी डीव्हीओए या मापात प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीचाही हिशेब धरला.

या मापांमधून एक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आली. एका वर्षीचे चांगले आक्रमण पुढच्या वर्षीही चांगले राहण्याची शक्यता जितकी असते, तितकी बचावाची नसते. बचावाचे आकडे जास्त हेलकावे खातात. समोर कोणता क्वार्टरबॅक आला यावर ते फार अवलंबून असतात आणि चेंडू हिसकावण्याच्या घटनांमध्ये योगायोगाचा भाग मोठा असतो. जमिनीवर पडलेला चेंडू कोणाच्या हाती लागेल हे जवळपास कोणीच शिकवू शकत नाही. २०१८ मध्ये फॅन्जिओ यांच्या हाताखाली शिकागोने ३६ वेळा चेंडू हिसकावला आणि लीगमध्ये सर्वांत कमी गुण दिले. ते डेन्व्हरला मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले आणि पुढच्या वर्षी शिकागोचा हा आकडा १९ वर आला. फॅन्जिओ गेले म्हणून बचाव घसरला असे तेव्हा सर्रास म्हटले गेले. पण ते राहिले असते तरी ३६ चा आकडा टिकला असता असे मानायला फारसा आधार नाही.

माझ्या मते आकड्यांच्या पक्षाने या वादाला दिलेली सर्वांत मोठी देणगी म्हणजे हा संयम. एका हंगामात १७ सामने होतात. तेवढ्यावर एखाद्याच्या कारकिर्दीचा निकाल लावणे धोक्याचे आहे.

फिल्मची बाजू

दुसरी बाजू म्हणते की आकडे काय घडले ते सांगतात, का घडले ते फिल्म सांगते. मैदानावरील बावीसही खेळाडू एकाच चौकटीत दाखवणारे चित्रीकरण पूर्वी फक्त संघांकडे असे. २०१२ पासून ते चाहत्यांनाही पाहता येऊ लागले आणि विश्लेषणाचा दर्जा एकदम वर गेला. सेफ्टीने चालीआधी एक जागा दाखवून चाल सुरू होताच दुसरी कशी घेतली, लाइनबॅकरने धावण्याच्या सोंगाला फसून एक पाऊल पुढे कसे टाकले, हे आता घरबसल्या दिसते.

अडचण अशी की बाहेरच्या माणसाला चाल काय सांगितली होती हे माहीत नसते. एखादा रिसीव्हर मोकळा सुटला तर त्याची तीन कारणे असू शकतात: चालच चुकीची होती, चाल बरोबर होती पण कॉर्नरबॅकने ती चुकीची ऐकली, किंवा त्याने ठरल्याप्रमाणे रिसीव्हर सेफ्टीकडे सोपवला आणि सेफ्टी पोहोचला नाही. फिल्ममध्ये तिन्हींचे चित्र एकसारखे दिसते. खेळाडूंना चालीगणिक गुण देणाऱ्या प्रो फुटबॉल फोकससारख्या संस्थांवर प्रशिक्षकांचा जुना आक्षेप हाच आहे. त्यावर या संस्थांचे उत्तर असे की हजारो चाली पाहणाऱ्याला एखाद्या संघाच्या पद्धती कळू लागतात आणि अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. हा आक्षेप खरा आहे आणि हे उत्तरही पोकळ नाही.

तेरा सेकंद, दोनदा

चाल निवडण्याच्या कौशल्यावरची चर्चा बहुधा एखाद्या गाजलेल्या क्षणापाशी येऊन थांबते. असे दोन क्षण शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

६ डिसेंबर २०२० रोजी जेट्स संघ रेडर्सविरुद्ध २८-२४ असा पुढे होता. १३ सेकंद शिल्लक होते आणि रेडर्सना ४६ यार्ड जायचे होते. डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर ग्रेग विल्यम्स यांनी मागे एकही सेफ्टी न ठेवता क्वार्टरबॅकवर जोरदार ब्लिट्झची (नेहमीपेक्षा जास्त जणांनी धावून जाण्याची) चाल दिली. डेरेक कारने हेन्री रग्जकडे लांब पास टाकला, टचडाऊन झाला आणि जेट्स ३१-२८ असे हरले. दुसऱ्या दिवशी विल्यम्स यांची नोकरी गेली.

२३ जानेवारी २०२२ रोजी बफेलो बिल्स चीफ्सविरुद्ध ३६-३३ असे पुढे होते आणि पुन्हा १३ सेकंदच उरले होते. त्या हंगामात सर्वांत कमी गुण आणि सर्वांत कमी यार्ड देणारा बचाव बिल्सचाच होता. त्यांनी विल्यम्स यांच्या उलट केले: टचडाऊन टाळण्यासाठी खेळाडू मागे ठेवले. पॅट्रिक महोम्सने टायरीक हिलकडे १९ आणि ट्रॅव्हिस केल्सीकडे २५ यार्ड मिळवले, फील्ड गोलने बरोबरी झाली आणि जादा वेळेत चीफ्स ४२-३६ असे जिंकले. त्या दोन चालींवरून तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक शॉन मॅकडर्मट आणि कोऑर्डिनेटर लेस्ली फ्रेझियर यांना आजही बोल लावला जातो.

एकाने अति धाडस केले म्हणून दोष आणि दुसऱ्याने अति सावधगिरी बाळगली म्हणून दोष. परिस्थिती मात्र सारखी नव्हती. जेट्सना फक्त टचडाऊनच हरवू शकत होता, तर बिल्सना बरोबरीसाठी फील्ड गोलही पुरे होता. म्हणून जेट्सने मागे राहायला हवे होते आणि बिल्सने मधला भाग बंद करायला हवा होता, ही टीका दोन्ही बाबतींत तर्काला धरून आहे. निकाल झाकून ठेवला तरी ती उभी राहते, म्हणून मला ती रास्त वाटते. बहुतेक टीका या कसोटीला उतरत नाही. पास हातातून निसटला तर तीच चाल ‘धीट’ ठरते आणि पकडला गेला तर ‘बेजबाबदार’.

खेळसिद्धांताचे अभ्यासक यापुढे जातात. त्यांच्या मते एकटी चाल बरोबर किंवा चूक नसतेच. ब्लिट्झची भीती राहावी म्हणून अधूनमधून ब्लिट्झ करावाच लागतो, आणि त्यातले काही प्रयत्न फसणारच. जोखायचे ते चालींचे एकूण मिश्रण: प्रतिस्पर्ध्याला त्यातून अंदाज बांधता येतो का? हा विचार पटणारा आहे. पण एखाद्या कोऑर्डिनेटरच्या मिश्रणाचे मोल ठरवायला त्याच्या बऱ्याच हंगामांची सामग्री लागते, आणि तेवढी वर्षे एका जागी फार थोड्यांना मिळतात.

ईगल्स: तीन वर्षे, चार सूत्रधार

या सर्व पट्ट्या एकाच ठिकाणी लावून पाहायच्या तर ईगल्ससारखे उदाहरण सापडणे कठीण.

२०२२ मध्ये जोनाथन गॅनन यांच्या बचावाने ७० वेळा क्वार्टरबॅकला पाडले. लीगच्या इतिहासात फार थोड्या संघांनी हा आकडा गाठला आहे. फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये मात्र त्यांना महोम्सला एकदाही पाडता आले नाही आणि सामना ३८-३५ असा गेला. शेवटच्या सत्रातील दोन टचडाऊनमध्ये एकच युक्ती होती: रिसीव्हर आडवा धावू लागतो आणि बचावपटू त्याला दुसऱ्याकडे सोपवत असतानाच तो उलटा फिरतो. केडेरियस टोनी आणि स्काय मूर दोघेही पूर्ण मोकळे होते. त्याच हंगामात जॅक्सनव्हिल जॅग्वार्सने ईगल्सविरुद्ध अशाच चालीवर टचडाऊन केला होता. माझ्या दृष्टीने गॅनन यांच्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप हा आहे. ऐन वेळच्या निवडीपेक्षा तो शिकवण्याबद्दल आणि आधीची चूक हेरून बुजवण्याबद्दल आहे. दुसरीकडे, त्या रात्रीचे निसरडे गवत धावून जाणाऱ्या फळीला मारक ठरले हेही खरे. गॅनन लगेच ॲरिझोनाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

त्यांच्या जागी आलेले शॉन देसाई हे भारतीय वंशाचे. २०२१ मध्ये शिकागोत ते एनएफएलमधील पहिले भारतीय-अमेरिकन कोऑर्डिनेटर ठरले होते. त्यांनी शिक्षणशास्त्राशी संबंधित विषयात डॉक्टरेट घेतलेली आहे, आणि शिकागोतच फॅन्जिओ यांच्या हाताखाली ते घडले. ईगल्सची सुरुवात १०-१ अशी झाली. मग सॅन फ्रान्सिस्को आणि डॅलसकडून लागोपाठ मोठे पराभव झाले आणि संघ १०-३ वर असताना मुख्य प्रशिक्षक निक सिरियानी यांनी चाली सांगण्याचे काम मॅट पॅट्रिशिया यांच्याकडे दिले. त्यानंतर ईगल्स पाचपैकी एकच सामना जिंकले आणि टॅम्पा बेकडून ३२-९ असे हरून बाहेर पडले. पराभवांपैकी एक गॅनन यांच्या ॲरिझोनाविरुद्ध होता.

हंगामाच्या मध्यात सूत्रधार बदलून बचाव सुधारेल ही समजूत या प्रकरणात सपशेल फसली. डॅरियस स्ले जखमी होता, जेम्स ब्रॅडबेरीचा वेग उतरला होता, लाइनबॅकरांची जागा कमकुवत होती. यांपैकी कोणतीही गोष्ट रेडिओवरच्या आवाजाने बदलणार नव्हती. एवढे असूनही देसाई यांच्यावर झालेला आघात मोठा होता. त्या हंगामानंतर ते ईगल्समध्ये राहिले नाहीत.

२०२४ मध्ये फॅन्जिओ आले. आदल्याच वर्षी मायामीत एका हंगामानंतर ते परस्परसंमतीने बाहेर पडले होते. देसाई आणि फॅन्जिओ यांची रचना एकाच घराण्यातली: मागे दोन सेफ्टी, चार जणांनीच क्वार्टरबॅकवर धावणे, मोठा घाव टाळणे. म्हणजे ‘पद्धत बदलली म्हणून यश आले’ एवढे उत्तर पुरत नाही. पहिल्या चार सामन्यांत ईगल्स २-२ असेच होते आणि चौथ्या सामन्यात टॅम्पा बेने त्यांच्यावर ३३ गुण केले. विश्रांतीच्या आठवड्यानंतर डीजीनला आतल्या कॉर्नरबॅकची जागा मिळाली आणि साखळीतील उरलेल्या १३ सामन्यांपैकी १२ त्यांनी जिंकले. फॅन्जिओ यांचा मोठेपणा मला इथे दिसतो. बॉनची जागा बदलणे, एका नवख्याला अवघड जागी उभे करणे, आणि दोघांना इतके तयार करणे की सुपर बोलमध्ये दोघांनीही महोम्सचे पास हिसकावले. डीजीनने तर आपल्या बाविसाव्या वाढदिवशी तो टचडाऊनपर्यंत नेला.

त्या सामन्यात ईगल्सने एकदाही ब्लिट्झ केला नाही आणि तरीही महोम्सला सहा वेळा पाडले. याचा अर्थ लावतानाही मतभेद आहेत. काहींना यात संयमाचा परमोच्च नमुना दिसतो. इतर म्हणतात, जेलन कार्टर, जॉश स्वेट अशी फळी असेल आणि समोर मूळचा गार्ड असलेला जो थूनी टॅकलच्या जागी खेळत असेल, तर ब्लिट्झ न करणे हा सोपा निर्णय आहे. सोपा निर्णय शेवटपर्यंत न बदलणे हेही प्रशिक्षकाचे काम आहे असे मला वाटते, पण त्याचे गुणांतले मोल कोणालाच काढता आलेले नाही.

काय सुटलेले नाही

मुख्य प्रशिक्षकाचा वाटा वेगळा कसा काढायचा, हे सिएटलच्या उदाहरणानंतरही ठरलेले नाही. कोऑर्डिनेटर म्हणून मिळालेल्या यशावरून मुख्य प्रशिक्षक निवडण्याची रीतही तितकीच अनिश्चित आहे. २०२० मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सचा बचाव ब्रँडन स्टेली यांच्या हाताखाली गुण आणि यार्ड दोन्हींत पहिला आला. त्या एका वर्षावर चार्जर्सने त्यांना मुख्य प्रशिक्षक केले, पण तिथे त्यांचा बचाव कधीच तसा झाला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये रेडर्सकडून ६३-२१ असा पराभव झाल्यावर त्यांना काढण्यात आले. ॲरन डोनल्ड आणि जेलन रॅम्झी हे रॅम्समध्येच राहिले होते, आणि रहीम मॉरिस यांच्या हाताखाली त्यांच्या बचावाने पुढच्याच हंगामात सुपर बोल जिंकायला हातभार लावला.

नवी आशा आहे ती खेळाडूंच्या खांद्याच्या पॅडमध्ये बसवलेल्या चिप्सची. प्रत्येक खेळाडूची जागा सेकंदाला दहा वेळा नोंदली जाते आणि २०१८-१९ पासून ‘बिग डेटा बोल’ या स्पर्धेतून ही सामग्री काही प्रमाणात अभ्यासकांना खुली होते. तिच्यावरून कोणते कव्हरेज लावले होते, रिसीव्हर आणि बचावपटूमध्ये किती अंतर पडले, पास कोणाकडे गेला नाही तेव्हाही कोण मोकळा होता, हे आता बऱ्यापैकी ओळखता येते. चुकलेला खेळाडू आणि चुकलेली चाल वेगळी करण्याच्या दिशेने हे मोठे पाऊल आहे. तरी सांगितलेली चाल नोंदवलेला कागद संघाच्या दालनातच राहतो, आणि लीगने एखाद्या जुन्या, संपलेल्या हंगामाचे असे कागद अभ्यासकांना उघडे केले, तर कोऑर्डिनेटरच्या निवडीचा आणि त्याच्या शिकवण्याचा हिशेब पहिल्यांदाच वेगवेगळा मांडता येईल.